विरेचन की शुद्धी?

शोकांतिकेचे फळ सांगताना ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या सहाव्या प्रकरणात ‘कॅथार्सिस’ हा शब्द योजिला. मराठी समीक्षेने त्यास ‘विरेचन’ म्हटले. हा शब्द आयुर्वेदाच्या पंचकर्मांतला. रेचक देऊन कोठा साफ करणे हा त्याचा अर्थ. ‘रिक्त’ हा शब्दही त्याच धातूचा. याकोब बेर्नाइस या जर्मन पंडिताने १८५७ मध्ये असाच वैद्यकीय अर्थ मांडला होता, हे खरे. तरी आम्हास हे भाषांतर अपुरे वाटते.

मूळ ग्रीकमध्ये ‘काथारोस’ म्हणजे निर्मळ. संत मत्तयच्या पाचव्या अध्यायात शुद्ध अंतःकरणाच्या माणसांना हेच विशेषण आहे. संत योहानच्या पंधराव्यात द्राक्षवेलीच्या फळणाऱ्या फांद्यांची छाटणी याच कुळातल्या क्रियापदाने सांगितली आहे. छाटणी फांदीला रिती करीत नाही, अधिक फळासाठी मोकळी करते. आपले ‘मन मोकळे करणे’ही याच्याच जवळचे, मोकळ्या रानात नांगर चालतो.

शुभ शुक्रवारी दुःखसहनाचे नाट्य पाहून आमच्या धर्मग्रामातील मंडळी ओक्साबोक्शी रडतात. बांधाच्या वादावरून सख्ख्या भावाशी धरलेला अबोला मात्र घरी परतल्यावर तसाच! त्या रडण्यास विरेचन खुशाल म्हणावे. ‘कॅथार्सिस’ म्हणण्यास आमची लेखणी धजत नाही.