गारगोटीची प्रतिष्ठा : सिन्नर येथील खनिज संग्रहालयाचे एक वाचन

मराठी भाषाव्यवहारात 'गारगोटी' हा शब्द हिऱ्याच्या विरुद्ध टोकाला उभा असतो. वाटेत पडलेला, कोणी मुद्दाम उचलू नये असा तो दगड. सिन्नरजवळील माळेगाव औद्योगिक वसाहतीत के. सी. पांडे यांच्या संग्रहातून २००१ मध्ये साकारलेल्या खनिज संग्रहालयाने नेमके हेच नाव धारण केले आहे. उपेक्षित दगडाला प्रतिष्ठा देण्याची प्रतिज्ञा त्या नावात अनुस्यूत आहे. संग्रहालयास एक संहिता मानून या प्रतिज्ञेच्या अंगाने तिचे वाचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग ज्या बेसॉल्टने व्यापला आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. थिजणाऱ्या लाव्ह्यात वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या. पुढे खडकात झिरपलेल्या खनिजयुक्त उष्ण पाण्यातून त्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट गटातील खनिजे आणि त्यांच्या सोबतीने अपोफिलाइट स्फटिकरूपाने वाढले. पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींतील गर्द निळा कॅव्हन्साइट हेही अशाच पोकळ्यांचे देणे होय.

जीवाश्मासमोर उभा राहिलेला प्रेक्षक आपसूकच काळ विचारतो. स्फटिकासमोर मात्र तो किंमत विचारतो. काचपेटी आणि प्रकाशयोजना या दृष्टीला खतपाणी घालतात. त्यामुळे गारगोटीला प्रतिष्ठा मिळते ती हिऱ्यासारखी दिसल्यामुळे, गारगोटी म्हणून नव्हे. या मांडणीतील मूलभूत ताण हाच आहे. म्हणूनच ज्या नमुन्यांत स्फटिकामागे काळा खडक तसाच राहिला आहे, ते सर्वाधिक बोलके ठरतात. तेथे सौंदर्य आणि त्याचे जन्मस्थान एकाच वेळी दिसते.

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. असे स्फटिक बहुधा दगडखाणीत किंवा विहीर खोदताना सापडतात. वेळीच उचलले नाहीत, तर त्यांची खडी होते. या दृष्टीने संग्राहकाचे ऋण मान्य करावेच लागेल. तथापि गाव, खाण, खोली आणि सोबतची खनिजे यांची नोंद न करता उचललेला स्फटिक अभ्यासाचे साधन न राहता शोभेची वस्तू बनतो. खाण एकदा बुजली की ती नोंद पुन्हा मिळवता येत नाही.

सिन्नरमध्येच यादवकालीन गोंदेश्वर मंदिर याच काळ्या पाषाणात उभे आहे. विद्यार्थ्यांच्या अभ्याससहलीत ही दोन्ही स्थळे एकत्र पाहिली जावीत. ज्या दगडातून शिल्प घडले, त्याच्याच पोकळीत स्फटिक वाढला, हे तेथे समजावून सांगता येते. भूगोल, इतिहास आणि रसायनशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनी मिळून ही सहल आखली, तर 'गारगोटी' या नावातील प्रतिज्ञा अधिक सार्थ होईल.