निरोप आणि आवई

एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या शब्दाला मराठीत अनेक नावे आहेत. बातमी, वार्ता, सांगावा, निरोप ही सरळ कुळातली. आवई, हूल, कंडी, वावडी, अफवा ही दुसऱ्या कुळातली. या दोन कुळांतला भेद भाषेने क्रियापदांतूनच सांगून ठेवला आहे. निरोप कोणीतरी धाडतो. आवई मात्र आपोआप उठते आणि कंडी आपोआप पिकते. निरोपाला धाडणारा, नेणारा आणि घेणारा असे तिघे लागतात. आवईला नुसती तोंडे पुरतात. 'अफवा' या मूळ अरबी शब्दाचा अर्थही 'तोंडे' असाच आहे. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग या येशूसंघीय धर्मगुरूंनी मराठी कॅथलिकांसाठी नियतकालिक काढले, तेव्हा त्याला 'निरोप्या' हे नाव दिले. त्या नावात नियतकालिकाची सारी जबाबदारी आली, असे आम्हांला वाटते.

हा विषय घेण्याचे कारण असे की, आपल्या पालघर-बोईसर परिसरात आज सर्वांत अधिक लिहिले आणि वाचले जाणारे गद्य पुस्तकांत किंवा मासिकांत नाही. ते मोबाइलवरच्या समूहांत आहे. समीक्षक कथा-कवितेची चिकित्सा करतात; या गद्याकडे कोणी वाङ्मय म्हणून पाहत नाही. तसे ते पाहावे, असा या लेखाचा आग्रह आहे.

बोईसर-तारापूरचा समाज कसा घडला, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. १९६९ साली तारापूरच्या अणुविद्युत केंद्रातून वीज वाहू लागली. पुढे औद्योगिक वसाहत वाढत गेली. मांगेला, भंडारी, वाडवळ, वारली या जुन्या रहिवाशांच्या शेजारी केरळ, तामिळनाडू, ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेली कुटुंबे वसली. अशा वस्तीत एका दिवसात समूहावर काय काय येते? नळाला पाणी केव्हा येणार, डहाणू लोकल कुठे अडकली, अमक्या गटाचे रक्त तातडीने हवे, शाळेचे अर्ज कधी सुटणार, बाजारात पापलेटचा भाव काय, कोणाच्या घरी मयत झाली. मराठी, हिंदी, इंग्रजी, मल्याळम अशा चार भाषा एका पाठोपाठ एक येतात. हा संकीर्ण मजकूर क्षुद्र समजू नये. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६) लिहिली ती अशाच घरगुती, रोजच्या, किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींतून.

या मजकुराचा दर्जा मात्र सारखा नाही. आमच्या मते यातले उत्तम गद्य म्हणजे मयताची आणि रक्ताची सूचना. नाव, गाव, वेळ, चर्च. किंवा रक्तगट, रुग्णालय, कोणाला विचारायचे. त्यात एक विशेषण नसते. लिहिणारा कोण हे ठाऊक असते आणि गरज संपली की तोच माणूस 'रक्त मिळाले, आभारी आहोत' असे कळवतो. हा खरा निरोप. याउलट सणासुदीच्या शुभेच्छांचे तयार नमुने आहेत. कोणीतरी कोणासाठी तरी लिहिलेले, शेकडो हातांतून आलेले हे गद्य वाईट नसते, पण त्यात पाठवणाराच नसतो. शेजाऱ्याच्या मुलाचा प्रथम कम्युनियन आणि दूरच्या अनोळखी माणसाचा वाढदिवस यांना एकच मजकूर चालतो. येथे हानी होत नाही. मात्र कर्त्यावाचून शब्द पाठवण्याची सवय हाताला लागते, आणि ही सवय पुढे महाग पडते.

किती महाग, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. त्यातला पहिला प्रसंग प्रश्नाचा आहे. १८ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद राहिली. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधील एका तरुणीने हा बंद कशासाठी, असा विचार फेसबुकवर मांडला. तिच्या मैत्रिणीने त्याला पसंतीची खूण केली. दोघींना अटक झाली आणि एका दवाखान्याची नासधूस झाली. पुढे हे प्रकरण टिकले नाही. पण त्यातून श्रेया सिंघल यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम घटनाबाह्य ठरवले.

त्या निकालपत्रात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. एखादे मत कितीही अप्रिय असले, तरी त्याची चर्चा करणे किंवा त्याचा पुरस्कार करणे हा नागरिकाचा अधिकार आहे. शब्द चिथावणीच्या पायरीवर पोचला म्हणजेच कायद्याला हात घालता येतो. कायद्याने दिलेली ही मोजपट्टी समीक्षेलाही उपयोगी आहे. पालघरच्या त्या तरुणीचा शब्द पहिल्या पायरीवर होता. त्याला कर्ता होता, दिवस होता, प्रसंग होता. तिने स्वतःच्या नावाने विचारले, आणि शिक्षा तिलाच झाली.

दुसरा प्रसंग आवईचा. डहाणू तालुक्याच्या पूर्व टोकाला, दादरा-नगर हवेलीच्या सीमेजवळ गडचिंचले हे गाव आहे. टाळेबंदीच्या दिवसांत, १६ एप्रिल २०२० च्या रात्री तेथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना जमावाने ठार केले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची आवई आधीपासून त्या भागात उठलेली होती. अशा मजकुराचे व्याकरण तपासून पाहावे. 'टोळी आली आहे म्हणे.' त्यात कोण म्हणे, ते नसते. 'काल रात्री आपल्या भागात.' पण हा 'काल' कोणत्याही दिवशी वाचला तरी कालच राहतो आणि 'आपला भाग' वाचणाऱ्याच्या पायाखालीच असतो. शेवटी 'सावध राहा, सर्वांना कळवा' अशी आज्ञा. वर काळजीचे आणि माहितीचे रूप, आत तिसऱ्या पायरीचे काम. हे गद्य फसवे आहे ते येथे.

त्या हत्याकांडानंतर आणखी एक आवई उठली. घटनेला धार्मिक रंग देण्यात आला. आधी मुसलमानांकडे बोट गेले, मग ख्रिस्ती मिशनऱ्यांचेही नाव गोवले गेले. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटकेतील १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नसल्याचे सांगावे लागले. पाड्यावरच्या पहिल्या आवईमागे अंधाराची भीती तरी होती. दुसरी आवई शिकल्यासवरल्या माणसांनी, घरातल्या दिव्याखाली बसून पुढे पाठवली. म्हणून 'अडाणी लोक अफवांना बळी पडतात' हे समाधान आम्हांला मान्य नाही.

या भूमीला हा अनुभव नवाही नाही. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात वारल्यांच्या १९४५ च्या लढ्याची हकिगत सांगितली आहे. मे महिन्यात झरी गावच्या सभेचा निरोप पाड्यापाड्यांत तोंडी गेला आणि त्यातून वेठबिगारीविरुद्ध माणसे उभी राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात खोटा सांगावा पसरवून वारल्यांना तलवाड्याला जमवण्यात आले आणि तेथील गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांनी प्राण गमावले. साधन दोन्ही वेळा एकच होते, ते म्हणजे माणसाचे तोंड. त्यामुळे केवळ यंत्राला दोष देऊन आपली सुटका होत नाही.

यावर काही सुजाण वाचक म्हणतील की, मग गप्प राहणे उत्तम. समूहावर फक्त प्रार्थना आणि सूचना असाव्यात. ही भूमिका आम्हांला धोक्याची वाटते. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले. तेव्हा तारापूरच्या केंद्राचे काय, हा प्रश्न कोणत्याही आईच्या मनात येणारच. तो प्रश्न दडपला तर त्याची जागा रिकामी राहत नाही, तिथे आवई येऊन बसते. धक्का अमुक वाजता येणार असे सांगणारा मजकूर वेळेच्या उल्लेखानेच खोटा ठरतो, कारण तसे भाकीत करणारे शास्त्र आज कोणापाशी नाही. पण हे सांगायला कोणीतरी प्रश्न विचारलेला असावा लागतो. वाढवण बंदराचेही तसेच. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. मासेमारीचे काय, जमिनीचे काय, रोजगार कोणाला, हे प्रश्न घरोघर आहेत. ते नावानिशी विचारले गेले, तर उत्तर देणाऱ्यालाही नावानिशी उभे राहावे लागते.

येथे आपल्या नियतकालिकांकडेही टीकेच्या नजरेने पाहिले पाहिजे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ संपादिलेल्या 'सुवार्ते'ने वसईच्या पाण्याचे आणि हिरव्या पट्ट्याचे प्रश्न धर्मजीवनाबाहेरचे मानले नाहीत. ती परंपरा आपली आहे. तरी पॅरिशच्या पानांवर आज सणांचे वृत्तांत, सत्कार आणि छायाचित्रे यांचीच गर्दी असते. वृत्तांत सुबक असतो; त्यात प्रश्नचिन्ह मात्र क्वचित आढळते. बोईसरच्या कामगाराला, तारापूरच्या मच्छीमाराला, तलासरीच्या वारली कुटुंबाला जे विचारायचे आहे ते छापील पानावर येत नाही, म्हणून ते समूहावर निनावी होऊन फिरते. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या जागतिक संपर्क दिनासाठी खोट्या बातम्या हाच विषय निवडला होता. त्याचे स्थानिक भाषांतर करायचे, तर आमच्या मते ते असे होईल: आधी प्रश्नाला जागा द्यावी.

वाचकहो, यासाठी मोठी योजना नको. पुढे पाठवण्यापूर्वी मजकुराला तीन गोष्टी विचाराव्यात: तुझा धाडणारा कोण, तू कोणत्या दिवशीचा, आणि तू कोणत्या गावचा? उत्तर नसेल, तर तो आपल्याच हातात थांबू द्यावा. आणि स्वतःच्या मनात प्रश्न असेल, तर खाली आपले नाव आणि गाव लिहून तो विचारावा. असे प्रश्न छापायला या त्रैमासिकाची पाने मोकळी आहेत. आणि ज्याला उत्तर ठाऊक असेल, त्यानेही आपल्या नावानेच लिहावे.