‘कॅम्प’ : एका शब्दाचे तीन प्रवेश

शब्दाचे मूळ सापडले की त्याचा अर्थही हाती आला, ही समजूत व्युत्पत्तिविचारात अद्याप आढळते. ‘कॅम्प’ या शब्दाचा इतिहास तिला बाधक आहे.

लॅटिन ‘कांपुस’ म्हणजे मोकळे मैदान. रोममध्ये मार्स देवतेच्या मैदानावर सैनिकी कवायती होत, तसे मतदानही होई. यातूनच इटालियन व पोर्तुगीज ‘कांपो’ आणि फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘कॅम्प’ हे शब्द निघाले. जर्मनमध्ये मात्र मैदान मागे पडून ‘काम्प्फ’ म्हणजे लढाई उरली.

मराठीत हे मूळ तीन वेळा आले. महादजी शिंद्यांच्या चाकरीत १७८४ साली आलेल्या डी बॉयनने उभारलेल्या कवायती फौजेला ‘कंपू’ म्हणत. यूल व बर्नेल यांच्या १८८६च्या कोशात या शब्दाचे मूळ पोर्तुगीज ‘कांपो’ मानणे अधिक योग्य ठरविले आहे. संस्कृत ‘कंप’शी त्याचे केवळ ध्वनिसाम्य. आज ‘कंपू’ गटबाजीचा वाचक आहे. पुढे इंग्रजी अमदानीत ‘कॅम्प’ आला व विद्यापीठीय व्यवहारातून ‘कॅम्पस’. मूळ एकच, अर्थ मात्र त्या त्या संस्थेने घडविला.

उल्हासनगरचे उदाहरण याहून बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी तळावर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. तथापि ‘कॅम्प १’ ते ‘कॅम्प ५’ ही नावे टिकली. येथे व्याकरणच साक्ष देते. ‘दोन कॅम्प’ ही संख्या होय. ‘कॅम्प दोन’ हे विशेषनाम होय. सामान्यनामास ‘कॅम्पात’, ‘कॅम्पाचा’ असा विकार होतो. विशेषनामात प्रत्यय संख्येस लागतो : ‘कॅम्प दोनला’, ‘कॅम्प दोनचा’. ‘छावणी दोन’ हा त्याचा पर्याय होऊ शकत नाही.

म्हणून ‘कॅम्प’ म्हणजे ‘तात्पुरता तळ’ एवढीच नोंद करणे अपुरे आहे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेले ग्वाल्हेरचे ‘लष्कर’ आणि पुण्याचा ‘कॅम्प’ हीच वाट दाखवितात. तेथील शब्दांतून तंबू केव्हाच उठले. जेथे पिढ्या जन्मल्या, त्या घराचा पत्ता कोशाने अजूनही तात्पुरता मानावा, हा दोष व्युत्पत्तीचा नव्हे. प्रयोगाकडे न पाहणाऱ्या कोशकाराचा आहे.