माधवराव सप्रे : अनुताप आणि अनुवाद

रायपूरचे माधवराव सप्रे (१८७१–१९२६) हिंदी साहित्याच्या इतिहासात ‘छत्तीसगढ मित्र’चे संपादक आणि आरंभीचे कथाकार म्हणून नोंदले जातात, मराठी वाचक त्यांना ओळखत असलाच, तर ‘गीतारहस्या’चे हिंदी अनुवादक म्हणून ओळखतो. या दोन ओळखींच्या मधल्या काळाकडे केवळ चरित्रातील एक प्रसंग म्हणून पाहणे पुरेसे नाही. सप्रे यांच्या श्रद्धेची आणि लेखणीची कसोटी त्याच काळात लागली.

२२ जुलै १९०८ रोजी टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर बरोबर महिन्याने, नागपूरच्या ‘हिंदी केसरी’तील लेखनाबद्दल, सप्रे यांना त्याच कलमाखाली अटक झाली. टिळक मंडालेस गेले. सप्रे क्षमापत्र देऊन सुटले. वडीलबंधूंच्या निर्वाणीच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही, असे सांगतात. परंतु त्यांच्या पुढील आचरणात या सबबीची ढाल कोठेही आढळत नाही. वर्ध्याजवळच्या हनुमानगडावर रामदासी श्रीधर विष्णु परांजपे यांच्या सान्निध्यात ते राहिले आणि रायपुरात त्यांनी मधुकरी मागून दिवस काढले. सरकारी नोकरी नाकारलेला हा पदवीधर संपादक आपल्या ओळखीच्या गावातच झोळी घेऊन दारोदार फिरला.

येथे त्यांच्याच ‘एक टोकरी भर मिट्टी’ (१९०१) या कथेची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्या कथेत अनाथ विधवेची झोपडी बळकावणारा जमीनदार मातीची एक टोपली उचलू शकत नाही. विधवेच्या एका प्रश्नाने तो भानावर येतो, क्षमा मागतो आणि झोपडी परत करतो. कथा म्हणून हा शेवट काहीसा सोपा आहे. पश्चात्ताप क्षणात होतो आणि गेलेली वस्तूही क्षणात परत मिळते. सात वर्षांनी लेखकाच्या वाट्याला जे आले, त्यात परत देण्याजोगी झोपडी नव्हती. गेलेला शब्द परत घेता येत नाही. ते ओझे उचलूनच पुढे चालावे लागते.

अशा वेळी त्यांनी आत्मसमर्थन लिहिले नाही. ‘दासबोध’ हिंदीत आणला. ही निवड अर्थपूर्ण आहे. समर्थांचा ग्रंथ त्रिविध तापांचे वर्णन करतो, पण तापलेल्या माणसाला हळहळत बसू देत नाही. भक्तीबरोबर यत्नाचा आग्रह धरतो. सप्रे यांच्या श्रद्धेला सांत्वनापेक्षा या आग्रहाची गरज अधिक होती. शिवाय अनुवादात ‘मी’ला जागा नसते. ‘हिंदी केसरी’त टिळकांचे विचार हिंदीत उतरवणारी लेखणीच येथे समर्थांच्या सेवेला लागली, म्हणून राजकारणी सप्रे संपले आणि आध्यात्मिक सप्रे सुरू झाले, ही विभागणी टिकत नाही. अर्थात ओवी गद्यात उतरली की तिची ठेच आणि तिचा झपाटा हरवतो. ग्रंथाचा उपदेश हिंदी वाचकापर्यंत पोहोचतो, समर्थांचा आवाज पोहोचत नाही. भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी कुटुंबे नांदत असलेल्या रायपुरातील घरांत ती ओवी तशी परकी नव्हती. हा गद्यानुवाद होता तो त्या घरांबाहेरच्यांसाठी.

‘गीतारहस्या’च्या बाबतीत ही अडचण नव्हती. तो ग्रंथ मुळातच वादाच्या गद्याचा. परंतु तेथे दुसरी, अधिक कठीण गोष्ट होती. ज्ञान झाल्यावरही कर्म सोडू नये, हा सिद्धान्त टिळकांनी शिक्षा भोगत असताना मंडालेच्या तुरुंगात लिहिला. आणि त्याच कलमाखालील तुरुंगातून माफीने बाहेर पडलेल्या माणसाला त्यातील प्रत्येक वाक्य आपल्या हाताने पुन्हा लिहायचे होते. मूळ ग्रंथ १९१५ साली निघाला. सप्रे यांचा हिंदी अनुवाद १९१६ साली प्रसिद्ध झाला.