भाषण दिलं, सही राहिली

१ ऑगस्टला पाचोडमधल्या माझ्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर दोन फोटो असतात. काहींच्या स्टेटसवर लोकमान्य टिळक, काहींच्या अण्णा भाऊ साठे. १९२० साली याच तारखेला टिळक गेले आणि अण्णा भाऊ जन्मले. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर वाद पेटलेला असतो: टिळक जातीयवादी होते का?

एकीकडून 'तेली-तांबोळ्यांनी कौन्सिलात जाऊन काय करायचं' अशा अर्थाचं त्यांच्या नावावरचं विधान येतं. दुसरीकडून उत्तर येतं: अस्पृश्यता मानणाऱ्या देवाला मी देव मानणार नाही, असं टिळक जाहीर सभेत म्हणाले होते. मग दिवसभर वाक्याला वाक्य. आमच्या पाचोडच्या मोसंबी बाजारात वरची चार फळं बघून कुणी ढिगाचा भाव ठरवत नाही, खालची उलटून बघतात. माणसाचा पूर्वग्रह जोखतानाही तेच करायला हवं. त्याचं सर्वात चांगलं किंवा सर्वात वाईट वाक्य बाजूला ठेवा. स्वतःला झळ बसण्याची वेळ आली तेव्हा त्याने काय केलं, ते बघा.

आधी टिळकांना मिळालं काय, ते पाहू. १८८२ साली कोल्हापूरच्या छत्रपतींची बाजू घेताना टिळक आणि आगरकर बदनामीच्या खटल्यात अडकले. तेव्हा जामिनासाठी उभे राहिले ते जोतीराव फुल्यांचे सहकारी रामशेठ उरवणे. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसांनी सहा दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडलं. त्यातले बहुतेक ब्राह्मण नव्हते.

या दोन घटनांच्या मधे वेदोक्त प्रकरण येतं. शाहू महाराज क्षत्रिय नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र म्हणायचे नाहीत, पुराणोक्तच म्हणायचे, अशी त्यांच्याच पुरोहिताची भूमिका होती. ऑक्टोबर १९०१ मध्ये टिळकांनी 'केसरी'त अग्रलेख लिहून वेदोक्ताच्या मागणीला 'खूळ' ठरवलं. ज्या गादीसाठी एकेकाळी ते तुरुंगात गेले, त्याच गादीवरचा राजा धर्मात बरोबरी मागू लागला तेव्हा टिळक पुरोहितांच्या बाजूला होते. हे तोंडातून निसटलेलं वाक्य नव्हतं. विचार करून लिहिलेला, छापलेला मजकूर होता.

मग येतं मार्च १९१८. विठ्ठल रामजी शिंद्यांनी मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरवली, अध्यक्ष होते सयाजीराव गायकवाड. देवाबद्दलचं ते विधान टिळकांनी इथेच केलं. १९०१ च्या मानाने हा मोठा बदल होता आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण परिषदेत एक जाहीरनामाही होता: आपण स्वतः रोजच्या व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही. त्यावर टिळकांनी सही केली नाही.

माझ्या मते प्रश्नाचं उत्तर इथे आहे. भाषण देवाबद्दल होतं, कागद स्वतःच्या घराबद्दल. देवाला सुनावल्याने पुण्यातला एकही सनातनी अनुयायी दुरावणार नव्हता, सही केल्याने दुरावला असता.

टिळकांच्या बाजूने सांगतात की त्यांना आधी स्वराज्य हवं होतं, त्यासाठी सगळ्यांना सोबत ठेवणं भाग होतं. हे कारण खरं मानलं तरी हिशेब उरतोच. सनातन्यांना सोबत ठेवण्याची किंमत टिळकांनी नाही, अस्पृश्यांनी मोजली. ३१ जानेवारी १९२० रोजी आंबेडकरांचं 'मूकनायक' निघालं. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते.

'काळच तसा होता' हेही नेहमीचं उत्तर. त्याच काळात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या होत्या. शिंदे त्याच काळातले, सयाजीरावही. आणि टिळकांचा स्वतःचा मुलगा श्रीधरपंत १९२८ मध्ये गायकवाड वाड्यात, वडिलांच्याच घरात, आंबेडकरांच्या समता संघाचं काम करत होता. घर तेच होतं. मधे फक्त दहा वर्षं गेली होती.

म्हणून माझं उत्तर असं: १९०१ चे टिळक जातीचा पूर्वग्रह उघडपणे मांडत होते. १९१८ पर्यंत त्यांची भाषा बदलली, पण वागणं त्या भाषेला गाठू शकलं नाही. असं म्हटल्याने त्यांचा तुरुंगवास खोटा ठरत नाही. तुरुंगवासामुळे न केलेली सही झाकलीही जात नाही.

शंभर वर्षांपूर्वीच्या सहीचा काथ्याकूट आज कशाला? मी पुण्यात भाड्याने फ्लॅट शोधत होतो तेव्हा एका घरमालकाने पगार विचारण्याआधी पूर्ण आडनाव विचारलं, मग गाव, मग 'म्हणजे कोण तुम्ही?' १४ एप्रिलला त्याच्या डीपीवर बाबासाहेबांचा फोटो होता. फ्लॅट मला मिळाला नाही. फोटो लावायला त्याला काही खर्च नव्हता. भाडेकरारावर मात्र त्याची सही लागली असती.