पत्त्याची जात

दलित साहित्यातील वेदना आमच्या समीक्षेने मोजली. त्याची भाषा तिने तपासली, विद्रोहाचा कस लावला, आत्मकथनांच्या खरेखोटेपणावर परिसंवादही घेतले. पण या साहित्यातील माणसे राहतात कुठे, त्या जागेला काय म्हणतात आणि ते नाव तिला कोणी दिले, हे प्रश्न तिने फारसे गंभीरपणे विचारले नाहीत. वस्तीचे नाव आले की समीक्षक त्याला ‘वातावरणनिर्मिती’ म्हणतो आणि पुढे सरकतो. ही घाई निष्पाप आहे असे मला वाटत नाही.

मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. प्रवेशाच्या दिवसांत अर्ज तपासण्याचे काम आम्हा शिक्षकांवर येते. एका मुलीने पत्त्याच्या रकान्यात ‘घाटकोपर (पूर्व)’ एवढेच लिहिले होते. मी म्हटले, “वस्तीचं नाव लिही.” ती म्हणाली, “सर, पिनकोड घातलाय की.” मग आवाज खाली आणून तिने विचारले, “लिहायलाच पाहिजे का?” मला पुढे बोलवेना. वीस वर्षांपूर्वी हाच रकाना मीही असाच भरला होता. राहत होतो सिद्धार्थ कॉलनीत, लिहिले होते नुसते ‘चेंबूर’. आमच्या घरात कॉलेजचे पत्र येण्याची ती पहिलीच वेळ होती. ते पत्र हरवले तरी चालेल, पण वस्ती कळू नये, असे मला तेव्हा वाटले होते.

गावात हा प्रश्न नव्हता. तेथे महारवाडा कोणत्या दिशेला, हे सगळ्यांनाच ठाऊक असे. शहरात आडनाव बदलता येते, बोली बदलता येते, कपडे बदलता येतात. पत्ता बदलायला पैसे लागतात. म्हणून गावात वेस जे काम करीत होती, ते शहरात पत्ता करतो. बाबुराव बागुलांनी हे फार लवकर ओळखले होते. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत रेल्वेची नोकरी मिळालेला तरुण परगावी जातो आणि तेथे राहायला जागा शोधताना जातीचा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. नोकरी देताना सरकार जे विचारत नाही, ते खोली देताना घरमालक विचारतो. या कथेची चर्चा अस्मितेच्या अंगाने पुष्कळ झाली. ती जागेचीही कथा आहे, हे मात्र आम्ही नजरेआड केले.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’चे (१९७२) काय झाले ते पाहू. मराठीत एका कवीने मुंबईतल्या बदनाम वस्तीचे नाव जसेच्या तसे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापले. या संग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. त्यासाठी ते कवीबरोबर त्या भागात हिंडले, आणि न कळलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनी कवीलाच विचारले. आपले अज्ञान त्यांनी लपवले नाही, याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो. पण पुढच्या समीक्षेने हा प्रामाणिकपणा घेतला नाही. तिने गोलपिठ्याचे ‘अधोविश्व’ केले, महानगरीय नरकाचे प्रतीक केले. प्रतीकाला भाडे भरावे लागत नाही. प्रतीकाला सार्वजनिक नळावर रांग लावावी लागत नाही. ढसाळ तेथल्या ढोर चाळीत वाढले, त्यांचे वडील खाटकाकडे काम करीत. त्यांच्यासाठी गोलपिठा हा आधी घरचा पत्ता होता. जगाच्या तळाशी असलेली कुठली तरी गूढ जागा म्हणून त्याच्याकडे पाहण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

याच्या शेजारी पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) ठेवून पाहावी. ही चाळ कल्पनेतली. तरीही पांढरपेशा मराठी वाचक तिच्यात बिऱ्हाड करून असल्यासारखा वावरतो. गिरगावातून चालत निघाले तर गोलपिठा फार लांब नाही. पण त्या वाचकाला तेथे जाण्यासाठी वाटाड्या लागला. कल्पनेतली चाळ ओळखीची आणि चालत जाण्याजोगी वस्ती अनोळखी! हे अंतर कोणत्या मापाने मोजायचे? मैलात तर ते मोजता येत नाही.

नावे कशी पडतात तेही पाहण्यासारखे आहे. कामाठीपुरा हे नाव निजामाच्या तेलुगू मुलखातून आलेल्या कामाठी मजुरांवरून पडले. ज्यांनी या शहराच्या इमारतींचे दगड वाहिले, त्यांचे नाव शहराने वेश्यावस्तीला चिकटवून ठेवले. श्रमाचे नाव शिवीसारखे वापरले जाऊ लागले. शेजारच्या नागपाड्यातील कावाखान्याचेही तसेच. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) तो आला नसता, तर आज किती जणांना हे नाव ठाऊक असते? गोदीत राबणारे बाप, चिंध्या-कागद वेचणाऱ्या बाया, एका खोलीत राहणारी अनेक बिऱ्हाडे यांचा दफ्तरी कुठे ठावठिकाणा नाही. महानगरपालिकेच्या कागदांनी जे ठेवले नाही ते एका आत्मकथनाने ठेवले. ‘बलुतं’ हा शहराचाही दस्तऐवज आहे, हे आम्ही ठणकावून सांगायला हवे होते.

सरकारी पाटी काय ठेवते आणि काय गाळते? फॉकलंड रोडला आता पठ्ठे बापूराव मार्ग म्हणतात. इंग्रज गव्हर्नर गेला आणि मराठी शाहीर आला, हे चांगलेच झाले. पण बापूरावांची लावणी जिच्या गळ्याने आणि पायांनी लोकांपर्यंत गेली ती पवळा, महाराची लेक, तिचे नाव त्या रस्त्याच्या पाटीवर नाही. कुलकर्ण्यांच्या घरातला माणूस तमाशात आला, त्याचा त्याग झाला. पवळेची मात्र ती जातीची रीतच ठरली!

सरकारने आम्हाला नावे दिली तीही अक्षरांची आणि आकड्यांची. बीआयटी, बीडीडी, चाळ क्रमांक अमुक, खोली क्रमांक तमुक. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांचे बिऱ्हाड सुमारे दोन दशके होते. महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी, १९२७ साली, त्यांचा पत्ता तोच होता. १९७४ च्या जानेवारीत दंगल पेटली ती वरळीच्या बीडीडी चाळींत. या कोरड्या अक्षरांत आमच्या चळवळीचा इतिहास आहे. त्या चाळी आता पाडल्या जात आहेत आणि टोलेजंग इमारती उभ्या राहत आहेत. चांगले घर मिळावे ही आमचीच मागणी होती, त्यामुळे मी जुन्या भिंतींसाठी गळा काढणार नाही. पण २०२२ मध्ये या चाळींना राजकीय नेत्यांची नावे देण्याचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा मला प्रश्न पडला: घर राहणाऱ्याचे, मग नाव दुसऱ्याचे का?

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मात्र आम्ही स्वतः नावे ठेवू लागलो. सिद्धार्थनगर, पंचशीलनगर, भीमनगर, रमाबाईनगर. ज्यांची नावे कायम दुसऱ्यांनी ठेवली, त्यांनी आपल्या वस्तीचे बारसे स्वतः केले. ही सांस्कृतिक क्रांतीच होती. पण शहर हुशार निघाले. त्याने ही नावेही जात ओळखण्यासाठी वापरली. आता घरमालकाला जात विचारावी लागत नाही; ‘नगर कोणतं?’ एवढे विचारले की पुरते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगराचे नाव देशाला कळले ते ११ जुलै १९९७ रोजी, पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेल्यावर.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचे ठरवले. मी या निर्णयाच्या बाजूने आहे. कोणत्याही पोराला महारवाडा असा पत्ता लिहावा लागू नये. मात्र पाटी बदलल्याने पाणी येत नाही आणि घरमालकाचे दार उघडत नाही. शिवाय पाटीवरून पुसलेले नाव साहित्यातूनही पुसले गेले, तर उद्या हेच लोक विचारतील, ‘कुठे होता तुमचा महारवाडा? पुरावा काय?’

येथे आपल्या साहित्यालाही चार शब्द सुनावले पाहिजेत. दुसऱ्यांनी दिलेल्या नावांवर आपण मोठे लेखन केले. गोलपिठा, कावाखाना मराठीत कायमचे वस्तीला आले. पण आपण स्वतः ठेवलेल्या नावांवर त्या ताकदीचे लेखन माझ्या वाचनात कमी आले आहे. त्या नगरात वर्गणी काढून बांधलेले विहार आहे, पहाटे नाक्यावर जाणारी माणसे आहेत, शिकून बाहेर पडलेली आणि पत्ता लपवणारी माझ्यासारखी मुलेही आहेत. आपल्या लाजेबद्दल लिहायला आपण कचरतो. बागुलांनी जात चोरल्याचे लिहिले. पत्ता चोरल्याचे आपण लिहायला नको का?

यंदा मी माझ्या विद्यार्थ्यांना एक काम दिले आहे: वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या, नाव कोणी ठेवले, कधी ठेवले, आधी काय म्हणत. काही वह्या आल्या आहेत. त्या मुलीची वही अजून आलेली नाही. तिच्यावर मी सक्ती करणार नाही. तिला माझा स्वतःचा पत्ता पुरा लिहून दाखवला आहे, चाळीच्या क्रमांकासह.