कलावंत डोंगरातल्या गावी राहायला जातो तेव्हा



आजच्या विषयाचं नाव पत्रिकेवर 'निसर्ग, कला आणि गाव' असं छापलेलं आहे. या तीनही शब्दांवर एकेक व्याख्यानमाला होऊ शकेल. तासाभरात ते झेपणार नाही, म्हणून मी विषय लहान करून घेतो.

'आर्टिस्ट रेसिडेन्सी' हा शब्द अलीकडे आपल्या कानावर वारंवार येतो. म्हणजे काय, तर चित्रकार, छायाचित्रकार, लेखक अशा मंडळींना काही आठवडे एखाद्या ठिकाणी राहायला जागा द्यायची, त्यांच्या जेवणखाणाची सोय करायची, आणि तिथे राहून त्यांनी आपलं काम करायचं. आता यातला एक विशेष प्रकार असा, की डोंगरातलं जुनं गाव निवडायचं आणि 'निसर्ग' हे सूत्र द्यायचं. मला याबद्दल बोलायचं आहे. अशा मुक्कामातून जे काम निघतं, ते चांगलं की सुमार, हे आपण कशावरून ठरवायचं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी भरकटलो तर तुम्हाला मला पकडता येईल. कलावंत निसर्गाच्या किती जवळ गेला, हे मोजमाप मला उपयोगाचं वाटत नाही. त्या कामात गावाला उलट बोलायला जागा मिळाली का, हे मी पाहतो.

आधी 'निसर्ग' हा शब्द घेऊ. संस्कृतात निसर्ग म्हणजे मुळातला स्वभाव, जन्मजात धर्म. 'निसर्गतः' असं आपण अजूनही म्हणतो ते त्याच अर्थाने. डोंगर, झाडं, धबधबे, पक्षी यांचं मिळून जे एक दृश्य होतं, ज्याच्यासमोर उभं राहून आपण 'वा!' म्हणतो, तो निसर्ग हा अर्थ अलीकडचा. इंग्रजी शिक्षणाबरोबर तो आपल्याकडे पक्का झाला. या अर्थात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: बघणारा इकडे आणि निसर्ग तिकडे.

तत्त्वज्ञानात या बघण्याला सर्वांत भक्कम आधार दिला तो कांटने, १७९० साली. सौंदर्याचा आनंद हा हितसंबंधांपासून मुक्त असतो, असं त्याने मांडलं. समोरची वस्तू माझ्या उपयोगाची आहे का, माझ्या मालकीची आहे का, हा विचार बाजूला ठेवल्यावर जो उरतो तो शुद्ध सौंदर्यानुभव. मराठीत रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा'त कांटची सविस्तर चर्चा केली आहे. ते पुस्तक १९७४ चं. आमच्या पिढीतल्या अनेकांनी कांट त्यांच्या हाताला धरून वाचला. मी कांटला मोडीत काढायला उभा नाही. पण एक प्रश्न त्याला विचारावा लागतो: हितसंबंध बाजूला ठेवण्याची चैन कोणाला परवडते?

उदाहरण घ्या. गवत. पावसाळा संपता संपता डहाणूच्या टेकड्यांवर गवत पिवळं पडतं, वारा आला की लाटा उठतात. कोणत्याही चित्रकाराचा हात शिवशिवेल. आता त्याच गवताकडे तिथल्या वारल्याच्या बाजूने बघा. १९४५ साली तिथे वारल्यांचा लढा उभा राहिला. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी द्या, ही त्यातली एक मागणी होती. त्याच ऑक्टोबरात गोळीबार झाला, माणसं मेली. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. म्हणजे एकाला जे दृश्य आहे, ते दुसऱ्याच्या आजोबांची मजुरी आहे. दोघंही खरं बोलताहेत. पण रेसिडेन्सीच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा पहिलंच गवत असतं.

आता प्रत्यक्ष कामांकडे येऊ. सगळी उदाहरणं आपल्या शेजारची आहेत. इथून त्र्यंबकच्या रस्त्याला लागलं, मोखाडा ओलांडला की जव्हार. तिथून खाली उतरलं की डहाणू तालुका, आणि त्यात गंजाड नावाचं गाव.

वारली चित्रांची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ही चित्रं मुळात लग्नातली. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहीत. चौकात पालघट देवी, आणि बाजूला धवलेरी गाणं म्हणणार. लग्न झालं, पुढचं सारवण आलं, की चित्र पुसलं जायचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुळकर्णी या भागात आले. मधुबनीच्या बायकांच्या हाती कागद देणारे तेच हे भास्कर कुळकर्णी. इथेही त्यांनी कागद आणला. जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं १९७५ साली मुंबईत केमोल्ड गॅलरीत लागली, पुढे परदेशात गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या प्रवासात एक गोष्ट हळूच घडली. बायकांच्या हातातली रीत पुरुषांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. म्हसे थोर चित्रकार होते, यात वाद नाही. पण बाहेरून पाहुणा येतो तेव्हा गाव होतं तसं राहत नाही, कोणाचा आवाज मोठा होतो आणि कोणाचा लहान, हे या पहिल्याच उदाहरणात दिसतं.

२००३ साली रिचर्ड लाँग इथे आला. ब्रिस्टलचा हा इंग्रज कलावंत. १९६७ साली गवतावर एकाच रेषेत पुन्हा पुन्हा चालून त्याने जी पायवाट उमटवली, ती त्याची प्रसिद्ध कलाकृती. चालणं, दगड, चिखल हीच त्याची सामग्री. म्हसे आणि लाँग यांचं एकत्र प्रदर्शन त्याच वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला भरलं. त्याला नाव दिलं 'डायलॉग', म्हणजे संवाद.

संवाद झाला का? माझं मत सांगतो. शेजार झाला, संवाद झाला नाही. लाँगची कामं मला आवडतात. त्यांत गर्व नाही, जमिनीवर तो ओझं टाकत नाही. दोघांना एकाच छताखाली मानाने जागा मिळाली, हेही कमी नाही. पण लाँग जे ब्रिस्टलला करतो तेच त्याने इथे केलं, आणि म्हसे जे आयुष्यभर करत आले तेच त्यांनी केलं. एकामुळे दुसऱ्याच्या हाताला वळण लागलं, असं मला दिसत नाही. आणि एक गंमत बघा. लाँग ओला चिखल हाताने भिंतीवर लावतो, बोटांचे फराटे तसेच ठेवतो, आणि ती भिंत संग्रहालयात जाते. वारली बाई वर्षानुवर्षं हाताने भिंत सारवते, तिच्याही बोटांचे फराटे उमटतात. ते सारवण. दोन्हींची किंमत सारखी करा, असा बाळबोध आग्रह मी धरणार नाही. पण 'संवाद' नाव दिल्यावर त्या दोन भिंतींबद्दल कोणीतरी बोलायला हवं होतं.

दुसरं उदाहरण वॉल आर्ट फेस्टिव्हलचं. एका जपानी संस्थेने हा उपक्रम २०१० साली बिहारमध्ये, बोधगयेजवळच्या सुजाता गावात सुरू केला आणि २०१३ साली तो गंजाडला आणला. जपानी आणि भारतीय कलावंत गावात येऊन राहायचे आणि शाळेच्या भिंती रंगवायचे. बिहारमध्ये युसुके असाई या चित्रकाराने तर त्याच परिसरातली माती गोळा करून वर्गाच्या भिंती रंगवल्या होत्या. इथे मला दोन गोष्टी बऱ्या वाटतात. पहिली, काम शाळेत राहिलं. ते बघायला गावाला तिकीट काढून मुंबईला जावं लागलं नाही. दुसरी अधिक महत्त्वाची. गंजाडचे मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊ पुढे जपानला जाऊन भिंती रंगवू लागले. म्हणजे पाहुणा आणि यजमान यांची अदलाबदल झाली. आतिथ्याची खरी परीक्षा तीच असते. आपल्याकडे जेवून गेलेल्याने कधीतरी आपल्यालाही पानावर बसवलं पाहिजे.

तिसरं उदाहरण मला सगळ्यांत जास्त शिकवून गेलं. २०१३ सालीच गौरी गिल या छायाचित्रकार गंजाडला आल्या होत्या. शाळेच्या भिंतींवर छायाचित्रं करायची असा बेत होता. राहायला होत्या राजेश चैत्या वांगड या वारली चित्रकाराच्या घरी. वांगड त्यांना गावभर फिरवत आणि प्रत्येक जागेची हकिगत सांगत. इथे हे झालं, तिथे ते होतं. गिल यांनी फोटो काढले. नंतर फोटो पाहताना त्यांच्या लक्षात आलं, की ऐकलेलं यात काहीच नाही. शेत आहे, झाड आहे, आकाश आहे, आणि गोष्ट नाही. मग तेच फोटो वांगड यांच्यासमोर ठेवले गेले आणि त्यांनी त्यांवर काळ्या शाईने रेखाटायला सुरुवात केली. माणसं, देव, जनावरं, जुन्या घटना, नवे कारखाने, सगळं त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत गर्दी करून आलं. या मालिकेचं नाव 'फील्ड्स ऑफ साइट'. दोघांच्याही नावाने ती ओळखली जाते.

मी उलट बोलणं म्हणतो ते हे. कॅमेरा म्हणाला, हा निसर्ग. रेघ म्हणाली, थांबा बाई, इथे माझी माणसं आहेत. आणि महत्त्वाचं असं, की ही हरकत चित्राबाहेर, एखाद्या परिसंवादात, चहा पिताना घेतलेली नाही. ती चित्रातच आहे. छायाचित्रकाराने आपल्या कागदावर दुसऱ्याला लिहू दिलं. छायाचित्रकाराला हे किती जड जात असेल, याची कल्पना करा. आपल्या तयार लेखावर दुसरा लाल शाईने लिहितो तेव्हा आपली काय अवस्था होते!

कांटकडे एक क्षण परत जातो. वांगड यांच्या रेघेत हितसंबंध ठासून भरलेले आहेत. जमीन कोणाची, रान कोणी तोडलं, पाणी कुठे गेलं. तरी त्या चित्रासमोर आपल्याला सौंदर्याचा अनुभव येतो. कांटच्या निकषावर हा अनुभव अशुद्ध ठरेल. मला तो निकषच अपुरा वाटतो. इथे हितसंबंध हेच सौंदर्याचं द्रव्य झालेलं आहे.

जव्हारचं उदाहरण झपाट्याने सांगतो. बोहाडा तुम्हाला माहीत आहे. आपल्या पेठ-सुरगाण्याकडेही होतो. रात्रभर मुखवटे घालून सोंगं निघतात, संबळ वाजतो. बऱ्याच गावांत अमुक सोंग अमुक घराकडे, असा मान ठरलेला असतो. जव्हारचे सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे भाऊ कागदाच्या लगद्याचे मुखवटे करतात. २०१५ पासून गिल यांनी त्यांच्याबरोबर काम केलं. देवदेवतांऐवजी रोजच्या जगण्यातले मुखवटे करायचे असं ठरलं. माणसांच्या चेहऱ्यांचे, जनावरांचे, वस्तूंचेसुद्धा. ते घालून गावातलेच लोक दुकानात, दवाखान्यात, घरात बसले आणि फोटो निघाले. काम विलक्षण आहे. पण इथे माझी थोडी कुरकुर आहे. बोहाड्यात मुखवट्यामागे देव येतो, आणि तो मान घराण्याचा असतो. या फोटोंत मुखवट्यामागे कोण आहे, हे बघणाऱ्याला कळत नाही. वांगड यांच्या रेघेइतकी मोकळी जागा इथे गावाला मिळाली, असं मी म्हणणार नाही. शेवटची चौकट छायाचित्रकाराचीच राहते.

आता एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. 'सर, तुम्ही उलट बोलणं, उलट बोलणं करता. गावाला पैसे मिळतात का, ते सांगा.' पैशाचा प्रश्न क्षुल्लक नाही. वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तरी वारली माणसं छापलेल्या चादरी, कप, हॉटेलांच्या भिंती यांचा हिशेब कुठल्या पाड्यावर पोचतो, हे विचारलंच पाहिजे. पण नुसत्या पैशाने प्रश्न सुटत नाही. खोलीचं भाडं देऊनही पाहुणा यजमानाला भिंतीसारखा वागवू शकतो. मला दोन्ही हवं आहे, मजुरीही आणि शब्दही. १९४५ साली गवत कापणाऱ्यांनी अडीच रुपयेही मागितले होते, आणि वेठबिगारी बंद करा असंही म्हटलं होतं. दुसरी मागणी माणूस म्हणून वागवा, ही होती.

शेवटी, हे सगळं पंचवटीत बसून का बोलायचं? २०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर आले. त्यात तुमच्यापैकीही काही जण असतील. त्या वेळी 'तपोवन किती रमणीय आहे' एवढंच कोणी म्हणत नव्हतं. लोक म्हणत होते, ही झाडं आमची आहेत, आम्हाला विचारा. त्या दिवसांत तुम्ही प्रेक्षक नव्हता, यजमान होता. तुम्हाला न विचारता तुमच्या जागेचं चित्र कोणीतरी काढत होतं आणि तुम्ही त्यावर रेघ मारायला गेलात.

गंजाडच्या माणसाला रोज तेच वाटतं. त्याच्या डोक्यावरून महामार्ग, रेल्वे, बंदर अशी मोठमोठी चित्रं काढली जाताहेत. वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली. त्यामानाने चित्रकाराचा मुक्काम ही फार लहान गोष्ट. पण लहान गोष्टीत सवय लागते. ज्याला चित्रात विचारलं जातं, त्याला जमिनीबद्दलही विचारावं लागेल, अशी ती सवय आहे.

म्हणून पुढच्या वेळी डोंगरातल्या एखाद्या रेसिडेन्सीचं प्रदर्शन बघायला जाल, तेव्हा हिरवा रंग किती सुरेख लागला आहे ते जरूर बघा. मग जरा जवळ जा आणि शोधा, की ज्याच्या घरी कलावंत जेवला, त्याने या चित्रावर कुठे हात फिरवला आहे का.

इथे थांबतो.